पाण्याची साक्ष : माहितीपटकार सी. शरच्चंद्रन यांचे स्मरण

पर्यावरणाची हानी बहुधा डोळ्यांना सहजी न जाणवणाऱ्या गतीने होत असते. विहिरीचे पाणी एका रात्रीत बिघडत नाही, नदीतले मासे एका दिवसात नाहीसे होत नाहीत, डोंगरावरचे रान एका सकाळी उजाड होत नाही. दरवर्षी थोडे थोडे घडत जाते आणि माणसे त्याला सरावतात. अखेर कोणी धीर करून तक्रार घेऊन कचेरीत गेला, तर त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : 'पूर्वी हे असे नव्हते, याला पुरावा काय?' ज्याच्या घरी सातबारा नाही, ज्याच्या गावाच्या पाण्याची कोणी कधी तपासणी केली नाही, त्याच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर केवळ स्वतःच्या आठवणीचे असते. आणि गरिबाच्या आठवणीला पुरावा मानण्याची रीत आपल्याकडे नाही.

या आठवणीला टिकाऊ रूप देण्याचे आणि ती पुन्हा त्या माणसांच्याच हाती सोपवण्याचे काम केरळमधील माहितीपटकार व पर्यावरण-कार्यकर्ते सी. शरच्चंद्रन यांनी केले. मार्च २०१० च्या अखेरीस, त्रिशूर जिल्ह्यात, धावत्या रेल्वेगाडीतून पडून त्यांचे अपघाती निधन झाले. त्यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. चित्रपटसृष्टीच्या झगमगाटात त्यांचे नाव कधी आले नाही. तथापि केरळातील पाणी, जंगल आणि जमीन यांसाठी झालेल्या गेल्या पिढीतील लढ्यांचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा आहे, त्याला त्यांच्या चित्रणाकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही. प्रस्तुत लेखात त्यांच्या तीन प्रमुख माहितीपटांच्या आधारे त्यांच्या कार्याचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

बातमी आणि माहितीपट

माहितीपट म्हटले की आपल्या मागील पिढीच्या डोळ्यांसमोर चित्रपटगृहात मुख्य चित्रपटापूर्वी दाखवले जाणारे सरकारी अनुबोधपट उभे राहतात. धरणे, कारखाने, पूल यांची भव्य दृश्ये आणि त्यांवर एका भारदस्त आवाजातील निवेदन, असे त्यांचे साधारण स्वरूप असे. ज्यांची शेते त्या धरणाखाली गेली त्यांचा आवाज त्यांत क्वचितच ऐकू येई. चित्रीकरणाचे साहित्य जड व महाग असल्याने त्याविरुद्ध काही दाखवणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

एकोणिसशे नव्वदच्या दशकात लहान व तुलनेने स्वस्त व्हिडिओ कॅमेरे उपलब्ध झाले आणि ही परिस्थिती पालटू लागली. एकदोन माणसे कॅमेरा खांद्याला अडकवून गावात जाऊन राहू शकली. शरच्चंद्रन हे याच बदलातून घडलेल्या माहितीपटकारांपैकी एक होत. त्यांचे अनेक माहितीपट त्यांनी पी. बाबूराज यांच्यासमवेत दिग्दर्शित केले आहेत, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

वृत्तपत्राचा वा दूरचित्रवाणीचा बातमीदार घटना घडते त्या दिवशी येतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घटनेकडे जातो. त्याच्या व्यवसायाची ती गरजच असते. परंतु पाणी बिघडण्याला 'घटनेचा दिवस' नसतो. अशा विषयाला न्याय द्यावयाचा तर एकाच ठिकाणी वारंवार जावे लागते. उन्हाळ्यातील नदी आणि पावसाळ्यातील नदी, आंदोलनाचा पहिला दिवस आणि पाचशेवा दिवस, उत्साहाचे क्षण आणि थकव्याचे क्षण, हे सर्व पाहावे लागते. शरच्चंद्रन यांच्या कामाचे वैशिष्ट्य या सातत्यात आहे.

चालियार : दोन काठांची नदी

चालियार ही सुमारे १६९ किलोमीटर लांबीची नदी निलगिरीच्या परिसरात उगम पावते आणि बेपूर येथे अरबी समुद्राला मिळते. या नदीच्या काठी, कोळिकोड जिल्ह्यातील मावूर येथे, ग्वाल्हेर रेयॉन्स (पुढे ग्रासिम) या कंपनीचा लगदा तयार करण्याचा कारखाना १९६३ मध्ये सुरू झाला. राज्याला उद्योग हवे होते, म्हणून सरकारने सवलतींचा हात मोकळा सोडला. कारखान्याला लागणारा बांबू सरकारी जंगलातून टनाला एक रुपया इतक्या नाममात्र दराने देण्याचे ठरले होते. ज्या आदिवासींचे घर, टोपली आणि कुंपण बांबूवर अवलंबून होते, त्यांच्या दृष्टीने या दराचा अर्थ काय झाला असेल, याचा विचार करून पाहावा.

रेयॉनचा धागा तयार करण्यासाठी बांबू व लाकूड यांतील तंतुमय भाग रासायनिक प्रक्रियेने वेगळा काढावा लागतो. उरलेला गडद रंगाचा द्रव नदीत गेला की पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. मासे मरतात ते केवळ विषाने नव्हे, तर पुष्कळदा गुदमरूनही. पावसाळ्यात नदी भरून वाहत असते तेव्हा हे फारसे लक्षात येत नाही. उन्हाळ्यात प्रवाह आटला की तेच पाणी काळवंडते.

नदीच्या पलीकडच्या काठावर मलप्पुरम जिल्ह्यातील वाळक्काड हे गाव आहे. तेथील पंचायतीचे नेते के. ए. रहमान यांनी या प्रदूषणाविरुद्धचा लढा दीर्घकाळ चालवला. परंतु हा लढा सरळ नव्हता. कारखान्यावर हजारो कामगारांची चूल पेटत होती. १९८५ मध्ये कामगार-प्रश्नावरून कारखाना बंद पडला आणि १९८८ पर्यंत तो बंदच राहिला. त्या तीन वर्षांत कामगार-कुटुंबांनी जी उपासमार सोसली, तिची आठवण परिसरात ताजी होती. त्यामुळे शुद्ध पाणी मागणारा माणूस हा शेजाऱ्याची भाकर हिरावून घेणारा आहे, असे चित्र उभे करणे सोपे झाले. खरे तर कामगार आणि काठावरचा गावकरी हे एकाच चुकीच्या धोरणाचे बळी होते. दोघांपुढे रोजगार किंवा आरोग्य यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आणणाऱ्यांना मात्र अशी निवड कधीच करावी लागली नाही.

जानेवारी १९९९ मध्ये रहमान यांचे कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर आंदोलनाने निकराचे रूप घेतले. त्याच वर्षी कारखान्यातील उत्पादन थांबले आणि २००१ मध्ये तो कायमचा बंद झाला. शरच्चंद्रन व बाबूराज यांचा 'चालियार : द फायनल स्ट्रगल' हा माहितीपट याच अखेरच्या पर्वाचा आहे. कारखाना उभा राहिल्याचे दस्तऐवज सरकारी दप्तरात आहेत; तो का बंद पडला याची काठावरच्या लोकांच्या बाजूने झालेली नोंद या माहितीपटाने राखली आहे.

सायलेंट व्हॅली : जिंकलेल्या लढ्याचीही नोंद हवी

पालक्काड जिल्ह्यातील सायलेंट व्हॅली हे सदाहरित अरण्य आणि त्यातून वाहणारी कुंतिपुळा नदी यांचे नाव भारतातील पर्यावरण-चळवळीच्या इतिहासात अग्रभागी आहे. या नदीवर जलविद्युत प्रकल्प उभारण्याची योजना १९७३ मध्ये मंजूर झाली. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने तिचे परिणाम लोकांना समजावून सांगितले. कवयित्री सुगतकुमारी यांच्यासह मल्याळी साहित्यिक रस्त्यावर आले. तेथील सिंहपुच्छ वानर हा दुर्मीळ प्राणी या लढ्याचे प्रतीक बनला. केंद्र सरकारने डॉ. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली; त्या समितीत पुण्याचे परिस्थितिकीशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हेही होते. अखेर प्रकल्प रद्द झाला. १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाची घोषणा झाली आणि १९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

येथे गोष्ट संपली, असे बहुतेकांना वाटले. परंतु २००१ नंतर जुन्या नियोजित जागेच्या थोडे खाली, पात्रक्कडवु येथे, नव्या धरणाचा प्रस्ताव पुढे आला. धरण राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे, म्हणून त्याने काही बिघडणार नाही, असा युक्तिवाद होता. मधल्या काळात एक संपूर्ण पिढी बदलली होती. तरुणांना पूर्वीचा लढा पाठ्यपुस्तकातील एका ओळीपुरता ठाऊक होता.

अशा वेळी शरच्चंद्रन व बाबूराज यांनी 'ओन्ली अ‍ॅन अ‍ॅक्स अवे' हा माहितीपट केला. अरण्य आणि त्याचा विनाश यांत केवळ एका कुऱ्हाडीचे अंतर आहे, असा या नावाचा भावार्थ. जुन्या आंदोलनाची कहाणी आणि नव्या प्रस्तावाचा धोका या दोहोंना त्यात एकत्र गुंफले आहे. तो पाहताना एक गोष्ट स्पष्ट होते. धरण एकदा बांधले की ते कायमचे होते. धरण न बांधण्याचा निर्णय मात्र कधीच कायमचा नसतो. तो प्रत्येक पिढीला नव्याने राखावा लागतो. पुढे नवा प्रस्तावही मागे पडला आणि २००७ मध्ये राज्य सरकारने उद्यानाभोवती सुमारे दीडशे चौरस किलोमीटरचा संरक्षक पट्टा निश्चित केला. याचे श्रेय अनेकांचे आहे. परंतु जिंकलेला लढाही लिहून, चित्रित करून ठेवावा लागतो, ही जाण ज्यांना वेळीच आली त्यांत शरच्चंद्रन यांची गणना करावी लागेल.

प्लाचीमडा : एक हजार दिवस

पालक्काड जिल्ह्याच्या पूर्व भागात, तमिळनाडूच्या सीमेजवळ, प्लाचीमडा ही लहानशी वस्ती आहे. केरळ म्हटले की आपल्याला मुसळधार पाऊस आठवतो, पण हा भाग त्या मानाने कमी पावसाचा आहे. येथील रहिवाशांत इरवळर, मलसर या आदिवासी जमातींचे आणि दलित समाजाचे शेतमजूर मोठ्या संख्येने आहेत. २००० साली येथे हिंदुस्तान कोका-कोला कंपनीचा शीतपेयांचा कारखाना सुरू झाला. कूपनलिकांतून दररोज लाखो लिटर भूजल उपसले जाऊ लागले. थोड्याच काळात आसपासच्या विहिरींची पातळी खालावल्याची आणि पाण्याची चव बदलल्याची तक्रार सुरू झाली.

भूजलाचा बेसुमार उपसा झाला की खडकातील क्षारांचे प्रमाण पाण्यात वाढू शकते. अशा जड पाण्यात डाळ नीट शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ते पिण्यास योग्य राहत नाही. प्लाचीमडाच्या स्त्रियांना घागरी घेऊन दूरवर पायपीट करावी लागू लागली. ज्या वेळात मजुरी मिळाली असती तो वेळ पाण्यात जाऊ लागला. याहून गंभीर गोष्ट पुढे आली. कारखान्यातून निघणारा गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून दिला जात होता. २००३ मध्ये ब्रिटनच्या बीबीसी रेडिओने त्या गाळाचे नमुने तपासून घेतले, तेव्हा त्यांत शिसे व कॅडमियम हे घातक धातू आढळले.

२२ एप्रिल २००२ रोजी कारखान्याच्या फाटकासमोर धरणे सुरू झाले. मयिलम्मा ही इरवळर जमातीची मजूर स्त्री या आंदोलनाचा चेहरा बनली. फाटकासमोर एक झोपडीवजा मांडव आणि त्यात पाळीपाळीने बसणारी माणसे, एवढेच त्याचे दृश्य रूप होते. शरच्चंद्रन यांनी या लढ्यावर प्रथम 'द बिटर ड्रिंक' हा लघु माहितीपट केला आणि ते तेथेच थांबले नाहीत. ते पुन्हा पुन्हा जात राहिले. २००६ मध्ये 'वन थाउजंड डेज अँड अ ड्रीम' हा माहितीपट पूर्ण झाला. त्याच्या नावातील हजार दिवस हे त्या मांडवातील दिवस आहेत.

या काळात न्यायालयातही लढाई सुरू होती. पेरुमाट्टी पंचायतीने कारखान्याच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. डिसेंबर २००३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने भूजल ही जनतेची संपत्ती असून सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे, असे मत मांडले. पुढे एप्रिल २००५ मध्ये खंडपीठाने कंपनीला दिवसाला पाच लाख लिटरपर्यंत पाणी उपसण्याची मुभा दिली. परंतु मार्च २००४ मध्ये बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू झाला नाही. २०१७ मध्ये कंपनीने सर्वोच्च न्यायालयात, आपला तेथे उत्पादन पुन्हा सुरू करण्याचा विचार नाही, असे सांगितले.

मयिलम्मा यांचे जानेवारी २००७ मध्ये निधन झाले. राज्य सरकारने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने मार्च २०१० मध्ये आपला अहवाल दिला आणि नुकसानीचा अंदाज २१६.२६ कोटी रुपये इतका केला. त्याच महिन्याच्या अखेरीस शरच्चंद्रन गेले. २०११ मध्ये केरळ विधानसभेने भरपाईसाठी न्यायाधिकरण स्थापन करण्याचे विधेयक संमत केले, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. कारखाना बंद झाला, मात्र त्या विधेयकाच्या मार्गाने मिळावयाची भरपाई कागदावरच राहिली. हे लक्षात घेतले म्हणजे तेथील चित्रणाचे मोल कळते. उद्या कोणी 'पुरावा काय?' असे विचारले, तर प्लाचीमडाजवळ उत्तर आहे.

पडदा गावात नेणे

माहितीपट पूर्ण झाला म्हणजे काम संपले, असे शरच्चंद्रन मानत नसत. त्यांच्या मते खरे काम तेथून सुरू होत असे, हे त्यांच्या कृतीवरूनच दिसते. प्रोजेक्टर घेऊन ते केरळभर फिरले. स्वतःचेच नव्हे, तर इतरांचे माहितीपटही त्यांनी गावोगाव दाखवले. चित्रपटगृहाचे तिकीट काढून माहितीपट पाहावयास लोक येत नाहीत, ही तक्रार पुष्कळजण करतात. शरच्चंद्रन यांनी पडदाच लोकांकडे नेला.

या फिरत्या खेळांचे महत्त्व दुहेरी होते. एका गावच्या लोकांना दुसऱ्या गावचा लढा दिसे. चालियारकाठच्या माणसाला प्लाचीमडाची स्त्री आपल्यासारखेच बोलताना दिसली की, आपले दुःख एकट्याचे नाही, ही जाणीव त्याला होई. दुसरे असे की, पडदा विझल्यानंतर चर्चा होई. प्रेक्षक हा केवळ पाहणारा न राहता प्रश्न विचारणारा होई. त्रिशूर येथे २००६ पासून भरू लागलेल्या 'विब्ग्योर' या चित्रपट महोत्सवाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. त्यांच्या पश्चात त्या महोत्सवात त्यांच्या नावाने स्मृतिव्याख्यानाची प्रथा सुरू झाली.

पाणी व जंगल यांचा प्रश्न शेवटी जमिनीच्या प्रश्नाशी येऊन भिडतो, हेही त्यांनी ओळखले होते. पत्तनंतिट्टा जिल्ह्यातील चेंगरा येथे २००७ मध्ये भूमिहीन दलित व आदिवासी कुटुंबांनी मळ्याच्या जमिनीवर जो सत्याग्रह सुरू केला, त्याचेही चित्रण त्यांनी केले.

माहितीपटाची मर्यादा आणि सामर्थ्य

माहितीपटाने कारखाना बंद पडला किंवा धरण थांबले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल आणि लढणाऱ्या माणसांवर अन्याय करणारे होईल. वाळक्काडच्या गावकऱ्यांनी, प्लाचीमडाच्या स्त्रियांनी आणि पंचायतीच्या सदस्यांनी ते घडवले. कॅमेऱ्याने त्यांच्या शेजारी बसून ते पाहिले. परंतु सामर्थ्यवानांचा इतिहास आपोआप लिहिला जातो. त्यांच्याकडे अहवाल असतात, छायाचित्रे असतात, जाहिराती असतात. दुर्बलांचा इतिहास कोणी मुद्दाम लिहिला तरच उरतो. शरच्चंद्रन यांनी तो मुद्दाम लिहिला आणि तेवढ्यावर न थांबता, ज्यांचा तो होता त्यांना परत नेऊन दाखवला.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

या स्मरणिकेच्या वाचकांत निवासी शाळेतील विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत, म्हणून अखेरीस त्यांच्याशी थोडे बोलणे उचित ठरेल. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला एक गोष्ट लाभते, जी गावातच राहणाऱ्याला लाभत नाही. तो दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जातो आणि मधल्या काळातला बदल त्याच्या डोळ्यांत भरतो. रोज पाहणारा ज्या बदलाला सरावलेला असतो, तो बदल पाच महिन्यांनी येणाऱ्याला दिसतो.

तेव्हा प्रत्येक सुट्टीत गावच्या विहिरीची पातळी दोरीने मोजून तारखेसह वहीत लिहावी. ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो याची नोंद ठेवावी. एकाच जागेवरून, एकाच दिशेने दरवर्षी छायाचित्र घ्यावे. आजी-आजोबांना, त्यांच्या लहानपणी पाणी कोठून आणीत, नदीत कोणते मासे मिळत, हे विचारून त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. घरात मोबाइल असेल तर त्यांचा आवाज जपून ठेवावा. ज्यांचे बोलणे टिपले त्यांना ते परत ऐकवावे आणि त्यांनी सांगितलेली दुरुस्ती करून घ्यावी. यासाठी पैसा लागत नाही. सातत्य मात्र लागते.

पाच-सात वर्षांनी ही वही भरली म्हणजे ती त्या गावाची ठेव होईल. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला आणि कोणी पुराव्याची मागणी केली, तर ती वही उघडून पुढे ठेवता येईल. शरच्चंद्रन यांनी कॅमेऱ्याने जे केरळात केले, त्याचा आरंभ आपल्या गावी एका वहीने व एका दोरीने करता येण्यासारखा आहे.